मित्रांनी आखलेला गोवा

गोवा उत्तर-दक्षिण मोजला तर शंभर-एक किलोमीटरचा. महामार्ग धरला आणि पाठीला वारा मिळाला, तर सायकलवाला एका दिवसात आरपार निघून जातो. रेवसपासून सागरी महामार्गाने खाली उतरायचं ठरवलं तेव्हा मीही गोव्याकडे तसंच बघत होते. रेडी संपलं की तेरेखोल, मग कारवार, पुढे गोकर्ण. पण निघायच्या आधीच्या रविवारी आमचं सांगलीचं टोळकं हरिपूरला संगमावर चहाला थांबलं आणि तिथे माझा सगळा बेत बदलला.

आम्ही जुने सोबती. रविवारी पहाटे दंडोबाच्या डोंगरावर जाऊन यायचं, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. या खेपेला मात्र कुणालाच रजा जमत नव्हती. बँकेतून निवृत्त झालेल्या मित्राचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, एकीच्या मुलाची दहावी, आणि ज्याचं सायकलचं दुकान आहे त्याला ऐन थंडीत शटर खाली ओढणं परवडत नाही. शेवटी कुणीतरी म्हणालं, ‘आम्ही नाही तर नाही, आमची कामं तरी घेऊन जा.’ मी लगेच वही काढली. कुणी पक्षी सांगितले, कुणी देवीची ओटी, कुणी पहाटेचा एक आवाज. घरी येऊन नकाशावर ही कामं मांडली, तेव्हा गोव्यातली माझी सरळ रेघ नाहीशी झाली होती. तिच्या जागी नद्या ओलांडत आत-बाहेर करणारा एक लांबलचक रस्ता तयार झाला होता, आणि तो मला मनापासून आवडला.

संपर्काचं गणितही त्याच बाकड्यावर ठरलं. लाइव्ह लोकेशन मी दिवसभर चालू ठेवत नाही. एक तर बॅटरी खातं. दुसरं, खाडीच्या कडेला किंवा डोंगराआड रेंज गेली की ठिपका जागच्या जागी गोठतो आणि सांगलीत बसलेल्यांचे प्राण कंठाशी येतात. त्यापेक्षा सकाळी निघताना आज कुठे मुक्काम करणार ते आणि तिथला फोन नंबर कळवायचा, आणि रात्री नऊच्या आत कुणा एकाला फोन करायचा. दहापर्यंत फोन आला नाही तर त्याने मुक्कामाच्या नंबरावर चौकशी करायची. रोज वेगळा माणूस, म्हणजे प्रत्येकाशी पोटभर बोलणं होतं. ग्रुपवर पन्नास फोटो टाकून पन्नास अंगठे मिळतात. पण कुणाच्या आईचं दुखणं कसं आहे, कुणाच्या मुलाचा सराव पेपर कसा गेला, हे फोनवरच कळतं.

शिरोड्याची मिठागरं मागे पडली, रेडीही गेली आणि रस्ता तेरेखोलच्या किल्ल्याशी येऊन थांबला. नदीच्या उत्तर तीरावरचा हा गोव्याचा इवलासा तुकडा. सावंतवाडीकर सावंतांचा हा किल्ला 1746 मध्ये पोर्तुगीजांकडे गेला, आणि 1954च्या 15 ऑगस्टला सत्याग्रहींनी इथे तिरंगा फडकवला. खाली धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत उभी राहिले. बोटीचा रॅम्प खाली आपटला की आधी स्कूटरवाले सुसाट सुटतात, म्हणून सायकल कडेला धरून शेवटी चढावं. सामान लादलेली सायकल स्टँडवर सोडू नये, बोट हलली की ती आडवी होते. पलीकडे केरी. तिथून हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी हा पट्टा मी भरभर मागे टाकला. गाड्यांची गर्दी होती, आणि माझी कामं दुसरीकडे होती.

पहिलं काम हळदोण्याचं. आमच्यातली जी मैत्रीण मुलाच्या दहावीत अडकली आहे, तिचं लहानपण तिथलं. तिची काकी अजून त्याच घरात राहते. चोपड्याचा पूल ओलांडून शिवोली, म्हापसा करत संध्याकाळी पोचले, तर काकी दारातच. ‘खंयच्यान आयलें गो?’ मी सांगली म्हटल्यावर लगेच मराठीवर आल्या. रात्री हुमण, म्हणजे माशांची आमटी, आणि उकड्या तांदळाचा भात वाढता वाढता सांगलीच्या भडंगाची चौकशी झाली. मैत्रिणीने सांगितलेलं काम एवढंच होतं, की सकाळी पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंगा तिला ऐकवायचा.

उजाडायच्या आत मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. आधी आवाज आला, पों-पों, पों-पों, मग वळणावर सायकल दिसली. जुनी, जाड दांड्याची, आडव्या कॅरिअरवर बांबूची भलीमोठी टोपली आणि तिच्यावर निळं प्लास्टिक. हँडलला रबरी गोळ्याचा भोंगा. सायकलवरून न उतरता एक पाय जमिनीला टेकवून त्याने प्लास्टिकची कड उचलली आणि आतून वाफेचा आणि भाजक्या पिठाचा वास अंगावर आला. मऊ पाव एका बाजूला, कडक पाठीचे उंडे दुसऱ्या बाजूला, कोंड्याच्या पोळ्या वेगळ्या, आणि बांगड्यांसारखी काकणं सगळ्यांत वर. मी त्याच्या सायकलकडे बघत होते आणि तो माझ्या. माझ्या चारी बॅगांमध्ये मिळून होतं त्याहून जास्त वजन त्याच्या एका टोपलीत असावं, तेही मागच्या चाकाच्या वर, उंचावर. असं ओझं घेऊन चढावर तोल सांभाळायला काय लागतं, हे ज्याने सायकल लादली आहे त्यालाच कळेल. मी फोन धरून त्याला पुन्हा एकदा भोंगा वाजवायला सांगितला. कशासाठी ते कळल्यावर त्याने चांगला लांबवर वाजवला.

आवाज पाठवला आणि मिनिटभरात तिचा फोन. ‘अगं, उंडो घेतलास का? काकीला सांग, कालची भाजी असेल तर त्यात बुडवून दे.’ मग ती आणि काकी बोलत बसल्या. मी पायरीवर बसून उंडो खाल्ला. सांगलीत ती तेव्हा मुलाचा डबा करत होती. कुकरच्या शिट्ट्या मला इथे ऐकू येत होत्या.

पक्षीवाल्या मित्रासाठी पोंबुर्प्याला खाली उतरून फेरीबोटीने चोडण बेटावर गेले. डॉ. सलीम अली यांच्या नावाचं पक्षी अभयारण्य या बेटाच्या पश्चिम टोकाला आहे. जेमतेम 178 हेक्टर, पण सगळी खारफुटी. चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांमध्ये चिखल्या मासे उड्या मारत होते. काळ्या टोपीचा खंड्या एका फांदीवर इतका वेळ बसून राहिला, की मला वहीत त्याचे रंग लिहून घेता आले. मित्राची अटच होती, ‘फोटो नको, वर्णन लिही. मी ओळखतो.’ रात्री वाचून दाखवलं. त्याने चोचीचा रंग विचारला, पोट कोणत्या रंगाचं ते विचारलं आणि मग समाधानाने ‘बरोबर’ म्हणाला. फोटो पाठवला असता तर हे बोलणं दोन सेकंदांत आटोपलं असतं.

चोडणहून दुसरी फेरी रायबंदरला सोडते. तिथून पणजीपर्यंत पाण्याच्या कडेने जाणारा बांध म्हणजे पाँते द लिन्यारेस, 1630च्या दशकात बांधलेला आणि अजून रोजच्या वाहतुकीत असलेला. चढ नाही, उतार नाही, एका बाजूला मांडवी. सायकलसाठी गोव्यात याहून सुखाचा रस्ता मला मिळाला नाही.

पणजीच्या मुख्य टपाल कचेरीत पिवळी पोस्टकार्डं घेतली आणि तिथल्याच टेबलावर लिहायला बसले. मला पोस्टकार्डाची जागा आवडते. तेवढ्यात मावेल असं एकच काहीतरी लिहावं लागतं. पक्षीवाल्याला खंड्या आधीच मिळाला होता, म्हणून त्याला फेरीबोटीबद्दल लिहिलं. लिहिताना मुंबईचे ते पारशी तरुण आठवले. 15 ऑक्टोबर 1923 रोजी सहाजण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले आणि त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा 1928च्या मार्चमध्ये प्रदक्षिणा पुरी करून मुंबईला परतले. साडेचार वर्षं! इराणच्या वाटेवरून लिहिलेलं पत्र मुंबईत पोचेपर्यंत लिहिणारा पुढच्या देशात. उत्तर द्यायचं तर त्याच्या पुढच्या मुक्कामाचा अंदाज बांधून द्यायचं. आपण दिवसातून चार वेळा ‘पोचलीस का’ विचारतो, त्या काळी घरच्यांनी ही चार-साडेचार वर्षं कशी काढली असतील, या विचाराने मी पेन हातात धरून बराच वेळ तशीच बसले होते.

बॅगेच्या तळाशी, पावसाचं पाणीही पोचणार नाही अशा पिशवीत, एक हिरवा खण होता. बँकेतल्या मित्राच्या आईने दिलेला. त्यांची कुलदेवी कवळ्याची शांतादुर्गा. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांचे कुलदेव फोंड्याच्या या टापूत आहेत, आणि ते सगळेच मूळचे इथले नाहीत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा भक्तांनी मूर्ती उचलून नदीपलीकडे, तेव्हाच्या आदिलशाही मुलखात आणल्या. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला. माणसंही पांगली, कुणी घाटावर गेलं, कुणी कारवार-मंगळूरकडे. पण लग्न झालं, मूल झालं की पाय इकडे वळतातच. कवळ्याचं आजचं देऊळ उभं राहिलं ते अठराव्या शतकात, शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने.

बाणस्तारीचा पूल, मंगेशी, म्हार्दोळ, फोंडा असं करत दुपारी कवळ्याला पोचले. अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या यात्रेकरू-निवासात, अंघोळ करून साडी नेसले (एक सुती साडी याच कामासाठी वाहून आणली होती), नारळ-फुलं तिथेच घेतली आणि ओटी भरली. भटजींनी गोत्र विचारलं तेव्हा मित्राच्या घरचं सांगितलं, सगळ्यांची नावं घेतली. बाहेर येऊन मित्राला फोन लावला. त्याने तो आईच्या कानाला धरला. आता त्या अंथरुणावरून फारशा उठत नाहीत.

‘आई, ओटी भरली हो. खण देवीच्या पायांशी ठेवलाय.’

‘तळीला पाणी किती आहे गं?’

मी देवळाच्या आवारातून तळीकडे गेले. पाणी भरपूर होतं. वरच्या कोरड्या पायऱ्या मोजून सांगितल्या. त्यांनी तिकडून काही पुटपुटत हिशेब केला. ‘म्हणजे यंदा पाऊस चांगला झाला. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा याहून खाली गेलं होतं. मे महिना होता.’ मग तो मे महिना त्यांनी मला सगळा सांगितला. बैलगाडी, आंब्याच्या अढ्या, सासूबाईंचा धाक. मित्र नंतर म्हणाला, हे त्यानेही कधी ऐकलं नव्हतं.

बोरीचा पूल, मडगाव, असोळणे. बेतुलच्या पुढे किनारा बदलतो. जांभ्याचे सडे थेट समुद्रापर्यंत येतात आणि रस्ता एका मागोमाग एक चढ चढतो. पहिल्याच चढावर मागच्या चाकातून टणकन आवाज आला आणि चाक ब्रेकला घासायला लागलं. डाव्या बाजूची एक तार तुटली होती. जादा तारा फ्रेमला चिकटपट्टीने बांधलेल्या होत्या आणि रेंजही होती. दुकानवाल्याला व्हिडिओ कॉल लावला.

‘घाबरू नको. उजवीकडची असती तर गिअरचं चक्र काढावं लागलं असतं. सायकल उलटी कर. निपल शाबूत आहे का? मग टायर काढायची गरज नाही.’

तुटलेला तुकडा हबमधून ओढून काढला, नवी तार त्याच भोकातून घातली, शेजारच्या तारेसारखीच एकावरून एकाखालून नेली आणि जुन्याच निपलमध्ये, म्हणजे रिममधल्या तिच्या बारीक नटमध्ये, फिरवली. ‘आता पाव-पाव फेरा. चाक फिरवून बघ, ब्रेकच्या पॅडपासून दोन्ही बाजूंना अंतर सारखं दिसलं पाहिजे. आता शेजारची तार छेड. आता नवी छेड. मला ऐकू दे.’ मी छेडली. ‘अजून सैल आहे. पाव फेरा.’ पुन्हा छेडली. सांगलीत दुकानात गिऱ्हाईक ताटकळत होतं, मागून त्याची कुरबुर येत होती. पण हा माझ्या चाकाच्या तारा ऐकत होता. दोन्हींचा सूर जुळला तेव्हाच त्याने फोन ठेवू दिला.

खोल्याकडे रेंज गेली ती गेलीच. काब द राम किल्ल्याच्या तटावर बसून चिवडा खाल्ला. तिथून कुणालाच काही कळवता आलं नाही. आगोंदला उतरल्यावर ठरल्याप्रमाणे नऊच्या आत फोन केला. दहावीवाल्या मैत्रिणीचा वार होता. तिने मुलाला जीवशास्त्र वाचायला बसवून तासभर गप्पा मारल्या.

काणकोणच्या चावडीवर उरलेली पोस्टकार्डं पेटीत टाकली आणि गालजीबागेवरून कर्नाटकच्या सीमेवरच्या पोळे गावच्या नाक्याकडे निघाले. नाका ओलांडायच्या आधी दुकानवाल्याचा फोन आला. चाक कसं आहे, घासतंय का, तुटलेली तार कुठे आहे?

‘बॅगेत आहे.’

‘फेकू नको. वाकापाशी तुटली की मध्ये?’

‘वाकापाशी.’

‘म्हणजे धातू थकला. परत आलीस की डावीकडच्या सगळ्याच बदलतो. आणि हे बघ, मार्चमध्ये दहावीचे पेपर संपतायत, गुडघाही तोवर बरा होईल म्हणतात. केरी ते मोरजी तू पळत गेलीस ना? तो भाग आम्हाला ठेव. मी चार दिवस दुकान बंद ठेवतोय, पाटीसुद्धा लिहून झाली.’