सतराशेचं इंजेक्शन, दोन हजाराचं इंजिन

गाडी १९७२ ची पोर्शे ९१४. कागदावर इंजिन १.७ लिटरचं. गार असताना पहिल्या सेल्फला चालू, आयडलिंगही एकसारखं. पण गरम झाल्यावर चढाला एक्सिलेटर दाबला की आधी दम खायची, मग इनटेकमधून फटाफट फुटायची. प्लग काढले तर पांढरेफटक. पेट्रोल कमी पडतंय, हे कुणीही सांगेल. का कमी पडतंय, यात माझे दोन महिने गेले.

हिचं इंजेक्शन बॉशचं डी-जेट्रॉनिक. मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधल्या, दाबावरून पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतं. ऑक्सिजन सेन्सर वगैरे लाड नाहीत. सोडलेल्या पेट्रोलचं पुढे काय झालं ते कंट्रोल बॉक्सला कधीच कळत नाही. हे मला पाठ होतं. अर्थ मात्र नंतर लागला.

व्हॅक्यूमचे सगळे पाइप बदलले. डिस्ट्रिब्युटर काढून तळाचे ट्रिगर पॉइंट, म्हणजे इंजेक्टर कधी उघडायचे ते कळवणारे संपर्क, पुसले. टायमिंग ३५०० आरपीएमला २७ अंश, बरोबर. चारही इंजेक्टर २.४ ओहमच्या आसपास. माझा सगळा संशय मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या प्रेशर सेन्सरवर, कारण त्याच्या आतली पातळ चकती चिरते हे वाचलेलं. चकती चिरली की मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त पडतं, आणि माझी गाडी लीन, म्हणजे कमी पेट्रोलवर चालतेय, हे उत्साहाच्या भरात विसरलो. हातपंपाने १५ इंच व्हॅक्यूम दिला, काटा जागचा हलेना, म्हणजे गळती नाही. वाइंडिंग ९० आणि ३५० ओहम, म्हणजे तीही ठीक. एकेक पार्ट तपासला की पास, आणि गाडी तशीच नापास.

पेट्रोलचा दाब सगळ्यात शेवटी पाहिला. आळस, दुसरं काही नाही. हवा होता २ बार, गेजचा काटा अडीचवर. लीन चालणाऱ्या गाडीत दाब जास्त! दाब ठरवणारा रेग्युलेटर धुळीने माखलेला, पण त्याचा लॉकनट कडांवर चकचकीत, पान्याने घासलेला. कुणीतरी मुद्दाम पिळला होता.

तेव्हा कुठे इंजिनाचा नंबर वाचायचं सुचलं. टॉर्च दातात धरून वाकलो, चिंधीने तेलाचा थर पुसला. सुरुवात 'ईए'ने व्हायला हवी होती, होती 'जीए'. दोन लिटर! तरी खात्री होईना, नुसती केस, म्हणजे नंबर असलेलं इंजिनाचं कवच, बदललेली असू शकते. मग आरसा घालून हेड पाहिलं. इनटेकचा पाइप तीन स्टडवर बसलेला. १.७ ला चार असतात.

इंजेक्टर काढून धुतला, तर मळाखालून पिवळा रंग निघाला. दोन लिटरला हिरवे लागतात. प्रेशर सेन्सरच्या नंबराचे शेवटचे आकडे ०४९, तोही १.७ चाच. म्हणजे कुणीतरी इंजिन बदललं आणि जुनं इंजेक्शन तसंच त्यावर चढवलं. १६७९ सीसीच्या हिशोबाने पेट्रोल मोजणाऱ्या यंत्रणेवर १९७१ सीसीचं इंजिन, म्हणजे हवा १७ टक्के जास्त. दाब सव्वापट केला तरी पेट्रोल वाढतं साधारण १२ टक्के, कारण ते दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. म्हणूनच गाडी जेमतेम चालत होती. त्या अनोळखी मिस्त्रीचा राग आला, पण त्याने अंदाज बरा बांधला होता हेही खरं.

हिरवे इंजेक्टर, ०३७ चा सेन्सर आणि त्याच्या जोडीचा कंट्रोल बॉक्स जमवेपर्यंत गाडी झाकून ठेवली. सगळं बसवलं, दाब २ वर आणला आणि त्याच चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण एक्सिलेटर दाबला. फुटली नाही. प्लग आता फिकट तपकिरी आहेत. सकाळी रेस जरा जास्त वेळ चढलेली राहते, गार इंजिनाला जादा हवा देणारा ऑक्झिलरी एअर व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. त्याला मी अजून हात लावलेला नाही.