घंटा वाजायच्या आत

सोलापूरच्या शाळेत शिकलेल्या कुणालाही विचारा, जानेवारी म्हणजे गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, आणि भाषणं. १२ जानेवारीला जिजाऊ जयंती, विवेकानंद जयंती आणि आपला हुतात्मा दिन, तिन्ही एकाच दिवशी येतात. १९३१ साली याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यामुळे आठवडाभर आधीपासून वर्गावर्गांत पाठांतराचा कल्लोळ असायचा. दुसरा हंगाम १ ऑगस्टचा, लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊंची जयंती. या दोन हंगामांत मी जे शिकले, त्याच्या जोरावर पुढे नोकरी मिळवली. आज मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी आहे. शाळेच्या सुवर्ण महोत्सवी अंकासाठी मनोगत मागितलं तेव्हा आठवणी पुष्कळ आल्या. पण हा अंक दहावी-बारावीची मुलं-मुलीही वाचतील, म्हणून वक्तृत्वाचा सराव मुलाखतीत कसा कामी आला, या एकाच गोष्टीबद्दल सविस्तर लिहिते.

आपल्या शाळेच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना होता. दिवसभर खटखट चालायची. मराठीचे सर वक्तृत्वाचा सराव मुद्दाम त्या बाजूच्या व्हरांड्यात घ्यायचे. ते स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहायचे आणि आम्ही या टोकावरून बोलायचं. ऐकू गेलं नाही की आम्ही ओरडायला लागायचो. सर जवळ येऊन सांगायचे, "आवाज चढवू नकोस, वेग उतरव. आणि वाक्याचा शेवट गिळू नकोस. आपल्याकडे 'आहे' की 'नाही' ते शेवटीच कळतं." हे मी पुढे किती जणांना सांगितलं असेल! घाबरलेला माणूस वाक्य जोरात सुरू करतो आणि शेवटाला पोचेपर्यंत त्याचा श्वास संपतो. नेमका महत्त्वाचा शब्द समोरच्यापर्यंत पोचतच नाही.

सरांचा दुसरा नियम विशेषणांचा. आठवीत मला डॉ. कोटणीसांवर बोलायचं होतं. 'सोलापूरचे थोर सुपुत्र, मानवतेचे महान पुजारी' अशी सुरुवात लिहून मी वही पुढे केली. सरांनी पेन्सिलीने सगळी विशेषणं खोडली आणि म्हणाले, "भैय्या चौकात जाऊन त्यांचं घर बघून ये. मग सांग." मी वडिलांबरोबर गेले, बघून आले. मग भाषण असं झालं: या घरातला, तिशीही न गाठलेला एक डॉक्टर १९३८ साली आपला देश सोडून चीनला गेला, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिला आणि १९४२ साली बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारला. एवढंच. टाळ्यांची वाक्यं सगळी गेली होती, पण पहिल्या रांगेतल्या मुलांची चुळबुळ थांबलेली मला स्टेजवरून दिसली.

घरी माझी श्रोता आई. ती विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, बोटांत दोरा. हजार विड्यांवर मजुरी, त्यामुळे हात थांबवणं परवडणारं नव्हतं. मी समोर उभी राहून भाषण म्हणायची आणि ती मान खाली घालून वळत राहायची. पण बोलण्यात खरंच काही असलं की तिची बोटं दोरा गुंडाळताना क्षणभर थबकायची, ती वर बघायची. कुठल्या वाक्याला ती थबकली ते मी लक्षात ठेवायची आणि बाकीच्यातलं बरंचसं काढून टाकायची. नंतर अनेक परीक्षकांनी मला गुण दिले, पण आईइतका नेमका परीक्षक मला भेटला नाही.

बँकेच्या लेखी परीक्षेत मी पास झाले आणि मुलाखतीचं पत्र आलं. अंतिम यादीत लेखी परीक्षेला ८० टक्के आणि मुलाखतीला २० टक्के वजन होतं. वीस टक्के वाचायला कमी वाटतात, पण लेखीत सगळेच जवळजवळ असतात. निवड होणार की नाही ते बऱ्याचदा तिथेच ठरतं. सर तोवर निवृत्त झाले होते. मी त्यांच्या घरी गेले. मला वाटलं होतं, नमुना उत्तरं लिहून देतील. त्यांनी पहिल्याच दिवशी वही बंद करायला लावली. "लिहिलेलं उत्तर पाठ होतं, आणि पाठ केलेल्यातला एक शब्द निसटला की पुढचं सगळं निसटतं. मुद्दे ठेव, शब्द तेव्हाचे तेव्हा येऊ देत." पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य तेवढं पक्कं ठेवायचं, मधला रस्ता मोकळा. आयत्या वेळच्या भाषणात आम्ही हेच करायचो. चिठ्ठी उचलायची, दोन मिनिटं विचार करायचा, तीन मुद्दे बोटांवर धरायचे आणि बोलायला लागायचं.

मग त्यांनी विचारलं, "स्वतःबद्दल सांग." मी म्हणाले, मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, जबाबदारी घेते. सर हसले. "पुन्हा विशेषणं? कोटणीसांच्या वेळी काय केलं होतंस?" मग विचार करकरून एक गोष्ट सापडली. आईला कारखान्यातून मिळालेली पानं, तंबाखू, जमा केलेल्या विड्या आणि वाईट म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, या सगळ्याचा हिशेब मी सातवीपासून एका वहीत लिहीत होते. महिनाअखेरीला मजुरी कमी आली तर कुठे कमी झाली, ते त्या वहीतून काढून दाखवत होते. बँकेत जाऊ पाहणाऱ्या मुलीने याहून वेगळं काय सांगायचं? 'मेहनती' हा शब्द उच्चारायची गरजच उरली नाही.

तरी सरांनी एक गोष्ट बजावली आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. वक्तृत्वात बक्षिसं मिळवलेली मुलं मुलाखतीत भाषण करतात. आवाज लावतात, हातवारे करतात, समोर तीन माणसं बसली आहेत की तीनशे याचं भान राहत नाही. मुलाखत त्या मानाने वादविवाद स्पर्धेच्या जवळची. वादविवादात प्रतिपक्षाचं म्हणणं नीट ऐकल्याशिवाय खंडन करताच येत नाही. म्हणून सर प्रश्न विचारून मला तो आधी माझ्या शब्दांत परत सांगायला लावायचे. ऐकलेला प्रश्न आणि विचारलेला प्रश्न यांत कितीदा फरक पडतो हे मला त्या ओसरीवर कळलं. प्रश्न संपल्यावर एक श्वास घ्यायचा आणि मगच तोंड उघडायचं. त्या शांततेची उमेदवाराला भीती वाटते, समोरच्याला मात्र हा विचार करतोय एवढंच दिसतं.

ओसरीवर तीन खुर्च्या मांडलेल्या असायच्या. मधल्या खुर्चीवर सर, एकीवर त्यांच्या पत्नी आणि तिसरीवर गल्लीतला जो सापडेल तो. ज्याने विचारलं त्याच्याकडे बघून सुरुवात करायची, मग इतरांकडे नजर फिरवायची आणि शेवट पुन्हा विचारणाऱ्याकडे. सरांच्या पत्नी मुद्दाम घड्याळ बघायच्या किंवा निवडायला घेतलेल्या मेथीकडे वळायच्या, मी विचलित होते का ते पाहायला. आणि उत्तर लांबलं की सर टेबलावरची पितळी घंटा टिणकन वाजवायचे, स्पर्धेत वेळ संपत आल्यावर वाजते तशी. मी चिडायची. पण घंटा वाजायच्या आत थांबायची सवय लागली, आणि आता कॉलेजांमधल्या सराव मुलाखती घ्यायला जाते तेव्हा वाटतं की ही सवय किती दुर्मीळ आहे! चांगलं उत्तर देऊन झाल्यावर मुलं गप्प बसत नाहीत. आणखी दोन वाक्यं जोडतात आणि त्यातूनच त्यांना न येणारा पुढचा प्रश्न निघतो.

इंग्रजीची धास्ती मराठी माध्यमातल्या प्रत्येकाला असते. सरांचा उपाय सरळ होता. आधी मराठीत मोठ्याने बोलायचं, विचार लख्ख होईपर्यंत. मग तेच छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत. मनातल्या मनात केलेली तयारी ते तयारी मानायचेच नाहीत. जीभ वळली पाहिजे, कानांनी ऐकलं पाहिजे. (केंद्रीय लोकसेवा आयोगाची २७५ गुणांची व्यक्तिमत्त्व चाचणी, म्हणजेच मुलाखत, मराठीतूनही देता येते, हे आपल्या शाळेतल्या मुलांनी जरूर लक्षात ठेवावं.)

मुलाखत पुण्यात होती. पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेसने गेले. आत गेल्यावर मधल्या खुर्चीवरच्या साहेबांनी माझा अर्ज पाहून विचारलं, "सोलापूरची चादर एवढी प्रसिद्ध, मग तिथले कारखानदार अडचणीत का असतात?" मी एक श्वास घेतला. बोटांवर तीन मुद्दे धरले: सुताचा भाव, विजेचं बिल, उधारी. त्यातला तिसरा मुद्दा वडिलांच्या कारखान्यावरून सांगितला. वडील माग चालवायचे. मालकाला सूत रोखीने घ्यावं लागे आणि विकलेल्या चादरींचे पैसे मात्र कित्येक महिन्यांनी सुटत. मधल्या काळात माग चालू ठेवायला, आठवड्याचा पगार करायला खेळतं भांडवल लागतं आणि ते वेळेवर मिळालं नाही की भौगोलिक मानांकन मिळालेल्या चादरीचा मागही थांबतो. एवढं सांगून मी थांबले. बाजूच्या मॅडमनी सुताच्या वायदेबाजाराबद्दल काहीतरी विचारलं. मला येत नव्हतं. "मॅडम, हे मला माहीत नाही," असं पूर्ण आवाजात, शेवटचा शब्द न गिळता सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

निवड झाल्याचं सांगायला गेले तेव्हा सरांनी पेढा हातात घेऊन आधी विचारलं, काय काय विचारलं ते सांग. तासभर सगळी मुलाखत पुन्हा ऐकून घेतली, मगच पेढा खाल्ला.

आपल्या शाळेत आजही वक्तृत्व स्पर्धा होतात, चषक दिले जातात, फोटो काढले जातात. पण वर्गातली चार-पाचच मुलं स्टेजवर जातात आणि उरलेली पन्नास टाळ्या वाजवतात. मुलाखतीला मात्र त्या पन्नासांनाही बसायचं असतं. म्हणून मुख्याध्यापकांशी बोलून एक ठरवलं आहे. बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. त्यांतल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी मी मागच्या व्हरांड्यात तीन खुर्च्या मांडून बसणार आहे. नववीच्या पुढचा कुणीही यावा, बक्षीस मिळालेलं असो वा नसो. माझ्याशेजारच्या दोन खुर्च्या अजून रिकाम्या आहेत. वकील, नर्स, वायरमन, दुकानदार, शिक्षक, जो कुणी माजी विद्यार्थी सोलापुरात आहे आणि महिन्यातून दोन तास देऊ शकतो, त्याने शाळेच्या कार्यालयात नाव द्यावं. घंटा मी घेऊन येते.