भाड्याच्या घराचं टोकन देण्याआधी एजंटकडून काय काय लिहून घ्यावं

"तो फ्लॅट आत्ताच गेला, दुसरा दाखवतो" असं एजंट म्हणाला, की जाहिरात फक्त फोन यावेत म्हणून टाकलेली असण्याची शक्यता मोठी. घर बघायला निघण्याआधी त्याच दिवशीचा व्हिडिओ मागवा: मुख्य दारापासून सलग, नळ उघडून दाखवलेला. टाळाटाळ झाली तर जाऊच नका.

दलाली किती, कोण देणार आणि कधी, हे घर बघायच्या आधी ठरवा. फोनवर बोलणं झालं असेल तर लगेच "आपलं असं ठरलं" असा मेसेज टाका आणि त्याचा होकार घ्या. दलालीचे पैसे मात्र करारावर सह्या झाल्यावरच.

खरा घोळ टोकनचा, म्हणजे घर राखून ठेवायला आधी दिलेल्या रकमेचा. "दुसरी पार्टी तयार आहे" या घाईत लोक एजंटच्या खात्यात रक्कम भरतात आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो. मालकीचा कागद आणि मालकाचं ओळखपत्र यांवरची नावं जुळवा, त्याच नावाच्या खात्यात पैसे भरा. पावतीवर फ्लॅट नंबर आणि रक्कम तर हवीच, शिवाय व्यवहार फिसकटला तर किती दिवसांत परतावा मिळेल, हेही मालकाच्या सहीनिशी हवं. ही शेवटची ओळ नसेल तर टोकन अडकतं आणि एजंट आणि मालक एकमेकांकडे बोट दाखवतात.

किल्ली घेताना मीटरचं रीडिंग आणि भिंतीवरची ओल यांचे फोटो थेट मालकालाच पाठवा.