आमची वाटचाल: छातीवरचा पॅच आणि त्याची किल्ली

भोसरीच्या आमच्या युनिटमध्ये छातीवर चिकटवायचे ईसीजी-नाडी पॅच बनतात. जागा, माणसं, पहिल्या ऑर्डरी हे सगळं यथावकाश झालं. लिहायचंय ते धंदा बसायची वेळ आली त्या वर्षाबद्दल.

एका मोठ्या हॉस्पिटल साखळीचं काम हातातून गेलं. प्रतिस्पर्ध्याचा पॅच स्वस्त, खोक्यावर ‘एन्क्रिप्टेड’ आणि लेबलवर कायमचा सहा आकडी पासकी (जोडताना टाकायचा आकडा). आमचा महाग, कारण पेअरिंग, म्हणजे पॅच आणि समोरच्या यंत्राची सुरक्षित ओळख, एनएफसीवरून (जवळ टेकवून चालणारा रेडिओ). पॅचला ना स्क्रीन ना बटणं, म्हणून बहुतेक जण ‘जस्ट वर्क्स’वर, म्हणजे काहीही न पडताळता होणाऱ्या ब्लूटूथ पेअरिंगवर भागवतात. डिसेंबर २०१४ मधल्या ब्लूटूथ ४.२ पासून एन्क्रिप्शनची किल्ली ईसीडीएचने (किल्ली हवेतून न पाठवता दोन्हीकडे तयार करणारं गणित) ठरते, त्यामुळे नुसतं ऐकणाऱ्याला ती मिळत नाही; पण दोघांच्या मधे घुसून तोतयेगिरी करणारा ओळखू येत नाही तो नाहीच. आणि छापील पासकी? तो वीस फेऱ्यांत एकेक बिट पडताळला जातो. कुणी एक पेअरिंग टिपलं की आख्खा पासकी उघडा, आणि पुढच्या पेशंटला परत तोच. हे मी मीटिंगमध्ये फळ्यावर मांडलं. खरेदी खात्याने फक्त दर विचारला. चिप आणि फ्लेक्स पीसीबीचा (लवचिक सर्किट-पट्ट्यांचा) माल भरलेला, बँकेचं कॅश क्रेडिट लिमिट संपलेलं. ती खंत अजून गेलेली नाही.

तरलो ते सांगलीच्या एका डॉक्टरांमुळे. त्यांनी दोन्ही पॅच टेबलावर ठेवले आणि म्हणाले, “दाखवा.” एनआरएफ५२८४० चिपच्या डाँगलवर स्निफर फर्मवेअर (हवेतले ब्लूटूथ संदेश टिपणारं), लॅपटॉपवर ते संदेश उलगडून दाखवणारं वायरशार्क. पॅच ‘मी इथे आहे’ असं ज्यांवरून सांगतो त्या ३७, ३८, ३९ या अ‍ॅडव्हर्टायझिंग चॅनेलवरून कनेक्शन पकडलं. समोरच्यांच्या पॅचच्या हार्ट रेट नोटिफिकेशनमध्ये पहिला बाइट ००, दुसरा ४८. हेक्समधले (सोळाच्या पटीतल्या मोजणीतले) ४८ म्हणजे ७२, मॉनिटरवरही ७२. वाचायला एन्क्रिप्शनची अटच नव्हती, त्यामुळे त्यांचा गेटवे (पॅचची माहिती घेऊन पुढे पाठवणारा डबा) पेअर न होताच नाडी घेत होता. आमच्या पॅचवर एन्क्रिप्शन सुरू झाल्यावर एकही बाइट वाचता येईना. डॉक्टर तेव्हापासून आमचेच आहेत. पेमेंटसाठी त्यांना कधी फोन करावा लागला नाही.

कुणी विचारलेलं नाही, तरी या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना सांगतो. कॅरेक्टरिस्टिकला (पॅच नाडीसारखी माहिती देतो त्या नोंदीला) सिक्युरिटी मोड १, लेव्हल ४ (ओळख पटवलेलं पेअरिंग आणि एन्क्रिप्शन) सक्तीची ठेवा. एनएफसीतून प्रत्येक पेअरिंगला १२८ बिटांचा ताजा रँडम आकडा द्या. टॅप करताना पॅच हातात धरा. लोखंडी कॉटच्या दांड्याला टेकला की अँटेना डीट्यून होते, म्हणजे तिचा सूर बिघडतो, आणि वाचनच होत नाही. पॅच दुसऱ्या पेशंटला लावण्याआधी बाँड (पेअरिंगनंतर साठवलेल्या किल्ल्या) दोन्हीकडून पुसा. एका बाजूचा राहिला की पॅच जोडला जात नाही आणि सिस्टर ‘बिघडला’ म्हणून परत पाठवतात. आमच्याकडे परत आलेल्यांत असे चांगले पॅच बरेच निघतात.

आणि सगळ्या पॅचमध्ये एकच किल्ली घालू नका. एनआरएफ५२ चिपचं डीबग कुलूप (आतला डेटा बाहेर वाचू न देणारं) व्होल्टेज ग्लिचने, म्हणजे वीजपुरवठ्याला क्षणभर झटका देऊन निघतं हे २०२० मध्ये जाहीर झालंय; म्हणजे एका पॅचमधून किल्ली काढली की सगळे उघडे. चिपच्या नव्या रिव्हिजनमध्ये सुधारणा आहे, पण वॉर्डात जुने पॅच अजून चालू आहेत.