क्रॉनिकल आणि तिची जबाबदारी घेणारे तिघं

सोव्हिएत काळातल्या बंदी घातलेल्या साहित्याचा विषय निघाला की पास्तरनाक, सोल्झेनित्सिन ही नावं लगेच येतात आणि ती यायलाच हवीत, पण मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती 'चालू घडामोडींची क्रॉनिकल' या टाइप केलेल्या वार्तापत्राची, ज्यात ना कथा ना कविता, फक्त कोणाला कधी पकडलं, कोणाच्या घराची झडती झाली, कोणत्या कोर्टात काय झालं, कैद्यांच्या श्रमछावणीत कोण उपोषणाला बसलंय एवढंच असायचं.

पहिला अंक ३० एप्रिल १९६८ चा. कवयित्री नताल्या गोर्बानेव्स्कायानं तो मॉस्कोत तयार केला, आणि तेव्हा ती गरोदर होती, दिवस भरत आलेले. पुढच्याच महिन्यात मुलगा झाला आणि त्याच बाळाला बाबागाडीत घालून ती २५ ऑगस्टला रेड स्क्वेअरवर गेली, चेकोस्लोव्हाकियात रणगाडे घुसवल्याचा निषेध करायला! मोजून आठ जण होते. १९६९ च्या डिसेंबरमध्ये तिला अटक झाली आणि वेडी ठरवून कझानच्या मनोरुग्णालयात डांबलं, १९७२ पर्यंत.

क्रॉनिकल छापली जात नव्हतीच. पातळ कागद, मध्ये कार्बन, एका वेळी चार-पाच कॉपी, शेवटची तर इतकी पुसट की डोळे ताणून वाचावी लागायची. ज्याच्या हातात पडेल तो परत टाइप करून पुढे द्यायचा. हे टायपिंग बहुतेक बायकांनी केलंय, नोकरी-घर सांभाळून रात्री, आणि कित्येकींची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. झडतीत टाइपरायटर पुरावा म्हणून उचलून न्यायचे.

बातमी पोचायची कशी? तर एका अंकात वाचकांना सांगितलं होतं की तुमच्याकडची माहिती तुम्हाला ज्यानं अंक दिला त्याला सांगा, तो त्याला ज्यानं दिला त्याला सांगेल, पण सगळी साखळी स्वतः शोधत बसू नका, लोकांना तुम्ही खबरे वाटाल. किती साधी आणि पक्की व्यवस्था! ज्या वाटेनं अंक खाली आला त्याच वाटेनं बातमी वर. आणि आधीच्या अंकात एखादं नाव, तारीख चुकली असेल तर पुढच्या अंकात दुरुस्ती द्यायचे. केजीबी, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलीस, दारात उभी असताना तारखा दुरुस्त करत बसणारी माणसं, मला यापेक्षा मोठं शौर्य सुचत नाही.

पण खरी परीक्षा १९७२ नंतर आली. केजीबीनं क्रॉनिकलविरुद्ध खास केस उघडली. प्योत्र याकिर आणि व्हिक्टर क्रासिन हे दोघं मोठे कार्यकर्ते पकडले गेले, तुरुंगात मोडले आणि १९७३ मध्ये कोर्टात त्यांनी पश्चात्ताप जाहीर केला. त्याच्याही आधी केजीबीची धमकी आली होती की इथून पुढे प्रत्येक अंकामागे माणसं उचलू, मग त्यांचा अंकाशी संबंध असो वा नसो. म्हणजे तुम्ही टाइप करणार आणि तुरुंगात जाणार कोणी दुसराच! स्वतःचा जीव धोक्यात घालणं वेगळं, पण हे? अंक बंद पडले, आणि बंद करणाऱ्यांना मी तरी भित्रे म्हणणार नाही.

मग मे १९७४ मध्ये तिघं जण पुढे आले. गणितज्ञ तात्याना वेलिकानोवा, जीवशास्त्रज्ञ सर्गेई कोवाल्योव आणि भाषाशास्त्रज्ञ तात्याना खोदोरोविच. राहिलेले अंक त्यांनी एकदमच परदेशी पत्रकारांच्या हाती दिले, आणि स्वतःच्या नावानं निवेदन काढलं की हे पसरवण्याची जबाबदारी आमची. ओलीस धरायचेच असतील तर आम्ही आहोत समोर, असाच त्याचा अर्थ मी तरी लावते. मला हा निर्णय बरोबर वाटतो, कारण धमकी ऐकून गप्प बसलं असतं तर छावणीतल्या लोकांची खबर बाहेर येणंच थांबलं असतं आणि केजीबीला नेमकं तेच हवं होतं.

कोवाल्योवला त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अटक झाली. खटला मॉस्कोत न चालवता लांब लिथुआनियातल्या विल्नियसला चालवला, डिसेंबर १९७५ मध्ये. ७ वर्षं छावणी आणि ३ वर्षं हद्दपारी. त्याच दिवसांत ओस्लोत भौतिकशास्त्रज्ञ आणि मानवी हक्कांसाठी लढणारे आंद्रेई सखारोव्ह यांना नोबेल शांतता पुरस्कार दिला जात होता, तो घ्यायला त्यांची बायको येलेना बोन्नेर उभी होती आणि ते स्वतः विल्नियसच्या कोर्टाबाहेर थांबले होते. खोदोरोविचला १९७७ मध्ये देश सोडावा लागला. वेलिकानोवाला १९७९ मध्ये पकडलं, ४ वर्षं छावणी, ५ वर्षं हद्दपारी. पुढे गोर्बाचेव्हच्या काळात, १९८७ मध्ये, तिला माफी देऊ केली तर तिनं ती घेतलीच नाही. तोवर क्रॉनिकलचे साठहून जास्त अंक निघून गेले होते.