जपानी, आठवडा २०: विचारता येतं, पण उत्तर कळत नाही

जपानला निघायला आता नऊ आठवडे उरलेत. मागच्या नोंदीनंतर २३ तास अभ्यास झाला, बहुतेक सकाळी कामाला बसण्याआधी. हिरागाना आणि काताकाना (दुसरी मुख्यतः परक्या शब्दांसाठी) या दोन उच्चारलिप्यांची ४६-४६ मूळ अक्षरं आता न अडखळता वाचता येतात. कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या शब्दखुणा, जेमतेम ८०. नित्य वापरातल्या कांजींची अधिकृत यादीच २१३६ची आहे, त्यामुळे तिच्यामागे धावायचं नाही असं ठरवलंय. प्रवासात समोर येतील तेवढ्या आल्या की झालं.

खरी गोष्ट शनिवारची. दर आठवड्याला मी एका जपानी बाईंशी व्हिडिओ कॉलवर बोलते, अर्धा तास जपानी आणि अर्धा तास इंग्रजी. या वेळी त्यांना म्हटलं, तुम्ही मला रस्त्यात भेटलेल्या अनोळखी बाई व्हा. मग विचारलं, "सुमिमासेन, एकी वा दोको देसु का?" माफ करा, स्टेशन कुठे आहे? वाक्य अगदी स्वच्छ आलं. त्यांनीही वेग जरासुद्धा कमी न करता उत्तर दिलं, आणि त्यातला एकच शब्द माझ्या हाती लागला, "हिदारी". डावीकडे. कुठून डावीकडे, किती चालून, ते निसटलं.

त्यांनी सावकाश पुन्हा सांगितलं तेव्हा लक्षात आलं की त्यात एकही शब्द मला नवा नव्हता. "मास्सुगु इत्ते, फुतात्सुमे नो शिंगो ओ हिदारी नि मागात्ते कुदासाइ." सरळ जाऊन दुसऱ्या सिग्नलला डावीकडे वळा. हे सगळे शब्द माझ्या वहीत आहेत, फक्त कानात नाहीत. पाच महिने मी बोलायची वाक्यं पाठ केली आणि समोरून काय परत येईल याची तयारीच केली नाही.

म्हणून या आठवड्यात प्रश्नच बदलले. "कुठे आहे" विचारलं की उत्तर कितीही लांब येऊ शकतं. त्याऐवजी फलाटावर उभं राहून विचारायचं, "कोनो देन्शा वा नारा नि इकिमासु का?" ही गाडी नाराला जाते का? आता उत्तर "हाइ" किंवा "ईए" यांच्याच आसपास राहतं. आणि हे वाक्य मराठीशेजारी ठेवून बघा. कोनो म्हणजे ही, देन्शा म्हणजे गाडी, "नि"च्या जागी आपला "ला", क्रियापद शेवटी आणि त्याच्याही मागे "का". एका "वा"ला तेवढा आपल्याकडे जोडीदार नाही. "चा, ची, चे"चं काम "नो" करतो, "पासून" म्हणजे "कारा", "पर्यंत" म्हणजे "मादे". जपानी वाक्य उलटं असतं असं इंग्रजीतली पुस्तकं सांगतात. मराठी माणसाला ते सुलटंच लागतं, म्हणून माझा सल्ला असा की इंग्रजी मधे आणूच नका.

दुसरी युक्ती "ने"ची. लांबलचक उत्तरातून जे पकडलं असेल तेवढं परत म्हणायचं, "हिदारी देसु ने?" डावीकडे ना? आपला "ना" जसा होकार मागतो, तसाच हा "ने". बाई लगेच "हाइ, फुतात्सुमे देसु" म्हणाल्या आणि निसटलेला अर्धा भाग आयता मिळाला.

उच्चारांचं थोडक्यात. "त्सु"ची भीती बाळगू नका, तो आपल्या "चूल"मधला च आहे. जोडाक्षरंही सोपी जातात, "किते" म्हणजे ये आणि "कित्ते" म्हणजे टपालाचं तिकीट, हा फरक कान लगेच धरतो. अडचण ए आणि ओची आहे. आपले ए-ओ मुळातच लांब, तिथे मात्र ऱ्हस्व आणि दीर्घ वेगळे मोजतात, आणि "तोक्यो"तले दोन्ही ओ दीर्घ आहेत. त्यामुळे देवनागरीत जपानी लिहून घेणं मी थांबवलंय. सुरुवातीला त्याचा आधार झाला, पण लांबी त्यात दिसत नाही. शिवाय "देसु"तला उ बहुतेक वेळा ऐकूच येत नाही, "देस" एवढंच कानावर पडतं.

रोज दहा मिनिटं स्टेशनवरच्या घोषणा ऐकते. गाडी येते म्हणायला पुस्तकात "किमासु" शिकले होते, घोषणेत "माइरिमासु" येतं, कारण ते "येणे"चं नम्र रूप आहे. फलाटाला "होमु" म्हणतात. प्लॅटफॉर्म या शब्दाचं शेपूट तेवढं उरलंय, त्यामुळे काताकानातला शब्द ओळखीचाच असणार हे गृहीत धरू नका.

कांजींमध्ये सध्या "कुची"वर जीव जडलाय. हा एक साधा चौकोन, अर्थ तोंड. "देगुची" म्हणजे बाहेर पडायचं तोंड, "इरिगुची" आत शिरायचं, "कितागुची" उत्तरेचं. जोडशब्दात क चा ग होतो. संधी शिकलेल्यांना दिक् आणि अंबर यांचा दिगंबर आठवेल. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, पण लक्षात ठेवायला हा खुंटा पक्का आहे. हिरागानाचा अ इ उ ए ओ, क स त न ह म य र व हा क्रम मात्र खरोखरच संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून, बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् लिपीवाटे तिकडे गेला. पहिल्या दिवशी तो तक्ता आपलासा का वाटला, ते मला इतक्या उशिरा कळलं.

पुढच्या दोन आठवड्यांत मोजणीचे शब्द घ्यायचेत. माणसं "हितोरी, फुतारी, सान्निन", तिकिटांसारख्या पातळ वस्तूंना "माइ", लांबट वस्तूंना "होन", आणि त्या "होन"चं एकला "इप्पोन", दोनला "निहोन", तीनला "सान्बोन" होतं. तिकीट खिडकीवर "ओतोना निमाइ", मोठ्यांची दोन, एवढं तोंडात बसलंय. बाकीचे अजून मिसळतात. तुमच्यापैकी कोणी हे यादी न घोकता, वापरातून बसवले असतील तर कुठल्या तीन-चारांपासून सुरुवात केलीत ते सांगा. शनिवारी बाईंसमोर तेच घेऊन बसेन.