सत्तावीसपैकी शून्य

फौजेतला हा नायक हुद्द्याचा जवान आला तो डोकेदुखी घेऊन. सीटी स्कॅन, डोळे, रक्तदाब, सगळं ठीक निघाल्यावर फाइल आमच्या मनोविकार विभागात सरकली. फौजेत उदासी क्वचितच स्वतःच्या नावानं येते. डोकं, पाठ, पोट असलं काहीतरी पुढे करून येते.

पीएचक्यू-९ ही उदासी मोजणारी प्रश्नावली त्यानं झटकन भरून दिली. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, कमाल बेरीज २७. त्याची शून्य. खटकलं तिथेच. गडी नुकताच उंचावरच्या चौकीवरून उतरलेला. तिथल्या विरळ हवेत झोपेत श्वास अडखळतो, धडधाकट जवानाचीही झोप मोडते. झोपेच्या प्रश्नालाही शून्य म्हणजे माणूस जपून उत्तरं देतोय.

अशा वेळी सीओंनी, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरनी, भरायचा एएफएमएसएफ-१० हा फॉर्म कामी यावा. वागणूक, दारू, घरच्या अडचणी, जवान जे लपवतो ते युनिटनं लिहायचं. पण बरेचदा मागचाच फॉर्म उतरवलेला असतो: वागणूक चांगली, घरचं ठीक. म्हणून त्याच्या बडीला, जोडीदार जवानाला, बोलावलं. तो कौतुकानंच म्हणाला, रात्री दोन ते चारचा पहारा हा आपणहून मागून घेतो. पहाटेआधी उडालेली झोप परत येत नाही, हे उदासीचं जुनं लक्षण. आणि पहाऱ्यावर माणूस एकटा, हाताशी रायफल.

वॉर्डात दाखल करून घेतलं, मग हळूहळू घर निघालं: जमीन, भाऊबंदकी, बायकोचे रडवेले फोन. एसिटालोप्रॅम हे उदासीवरचं औषध ५ मिलीग्रॅमवरून १० वर नेलं. सुरुवातीचे दोन-चार आठवडे मळमळ जाणवते, गुण दिसत नाही. पेशंट गोळ्या घेणं सोडतो ते तेव्हाच. युनिटचा आग्रह होता, रजा द्या. रजेवर म्हणजे थेट बांधावरच्या भांडणात! त्याऐवजी सीओंना जिल्हाधिकाऱ्यांकडे पत्र लिहायला लावलं.

शेवटी २४ आठवड्यांची तात्पुरती एस-३, म्हणजे मानसिक कारणानं खालावलेली वैद्यकीय कॅटेगरी. शस्त्र नाही, रात्रपाळी नाही. आरएमओला, युनिटच्या डॉक्टरला, बजावलं, रायफल कोतमध्ये (शस्त्रागारात) जमा करताना गाजावाजा नको आणि लंगरमध्ये कांदे सोलायला बसवू नका. स्टोअरमध्ये जबाबदारीचं काम द्या. नायकाचा पहिला प्रश्न मात्र बढतीचा होता. कॅटेगरी लागल्याची बातमी कंपनीत पसरणारच, आणि पुढचा जवान नऊच्या नऊ शून्य टाकणार.

संशोधनाच्या पाहणीत यावर उपाय आहे: नाव-नंबर नको, खोलीत सुभेदारसाहेब नकोत, कागद बंद पेटीत. तसं केलं की उत्तरं बदलतात, झोपेचे आकडे माणसासारखे दिसू लागतात. पण जीव द्यावासा वाटतो का, या नवव्या प्रश्नाला कुणी ३ दिले तर? निनावी कागद हातात धरून कुणाची रायफल जमा करायची, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. सध्या प्रत्येक प्रश्नावलीसोबत फाडून नेता येईल अशी हेल्पलाइनची चिठ्ठी जोडतो आणि पाहणीनंतर दिवसभर तिथेच, वेगळ्या खोलीत बसून राहतो.